पहिला क्रमांक आणि बचावपटू : अमेरिकी फुटबॉलच्या ड्राफ्टमधील एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगचे, म्हणजे एनएफएलचे, 32 संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड करतात. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने येथे एक फरक ध्यानात घ्यावा. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही, पाळी लागते. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी प्रथम येते आणि विजेता शेवटी उभा राहतो. पहिली पाळी मिळालेल्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, बहुधा सुमार असतो, आणि म्हणूनच अशा संघाने क्वार्टरबॅक सोडून एखाद्या बचावपटूचे नाव पुकारले की त्याची चर्चा पुढे कित्येक वर्षे चालते. 1967 ते 2025 या काळातील 59 ड्राफ्टमध्ये असे 17 वेळा घडले. या निवडींचा माग काढला तर एक गोष्ट सतत समोर येते : बचावपटूचा भाव बचावाने क्वचितच ठरवला आहे, तो बहुतेक वेळा समोरच्या आक्रमणाने ठरवला आहे.

ड्राफ्टची मूळ कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टॅन कोस्टका या खेळाडूला करारबद्ध करण्यासाठी त्यांनी बरीच धडपड केली होती, पण तो अखेर ब्रुकलिनच्या संघाकडे गेला. श्रीमंत संघ चांगले खेळाडू उचलत राहणार आणि दुबळे संघ दुबळेच राहणार, हे बेल यांना कळून चुकले, आणि 1935 मध्ये त्यांनी उलट क्रमाने निवड करण्याचा प्रस्ताव इतर मालकांच्या गळी उतरवला. 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात फळ्यावर 90 नावे लिहून नऊ संघांनी पहिला ड्राफ्ट पार पाडला. पहिल्या क्रमांकावर शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर निवडला गेला, मात्र तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. ज्या व्यवस्थेचा पुढे एवढा बोलबाला झाला तिचा पहिला मोहराच हाती लागला नाही, हे आज गमतीचे वाटते.

त्या काळी ‘सर्वोत्तम बचावपटू’ असा स्वतंत्र शोध घेण्याचे कारणच नव्हते, कारण बदली खेळाडूंवर निर्बंध असल्याने तेच अकरा जण आक्रमणही करीत आणि बचावही. 1949 मध्ये ईगल्सने पहिल्या क्रमांकावर घेतलेला चक बेडनारिक हा आक्रमणात सेंटर (फळीच्या मधोमध उभा राहणारा) आणि बचावात लाइनबॅकर (फळीच्या मागे उभा राहणारा) अशा दोन्ही जागा खेळणारा होता. दुसऱ्या महायुद्धात बी-24 बॉम्बफेकी विमानावर तोफची म्हणून 30 मोहिमा करून तो महाविद्यालयात आला होता. (ईगल्स आदल्या वर्षीचे विजेते असूनही पहिली पाळी त्यांना मिळाली, कारण 1947 ते 1958 या काळात पहिला क्रमांक चिठ्ठ्या टाकून ठरत असे.) 1950 मध्ये लीगने बदली खेळाडूंवरची मर्यादा कायमची उठवली, संघाचे आक्रमण आणि बचाव असे दोन सरळ भाग पडले आणि बचाव हा स्वतंत्र पेशा झाला. तरीही त्याला भाव यायला आणखी दशकभर लागले. 1961 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने डीकन जोन्सला चौदाव्या फेरीत घेतले. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच जमिनीवर लोळवण्याच्या क्रियेला ‘सॅक’ हे नाव रूढ करणारा हाच खेळाडू.

जोन्सला एवढा उशीर का झाला याचे एक कारण खेळात होते, दुसरे समाजात. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांकडे एनएफएलच्या निवडकर्त्यांचे फारसे लक्ष नसे. 1963 मध्ये ग्रॅम्बलिंग महाविद्यालयाचा अवाढव्य बक ब्यूकॅनन प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, पण एनएफएलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सने त्याचे नाव एकोणिसाव्या फेरीत, 265व्या क्रमांकावर घेतले. एकाच खेळाडूचे दोन बाजारांतले हे दोन भाव पाहिले की नवी लीग जुन्या लीगपेक्षा कोठे अधिक डोळसपणे पाहत होती हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन्ही लीगच्या विलीनीकरणाचा करार झाल्यावर 1967 मध्ये पहिला सामाईक ड्राफ्ट झाला आणि त्यात पहिला मान मिशिगन स्टेटचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या कडेला खेळणारा, बब्बा स्मिथ याला मिळाला.

याच दशकात निवडीचे शास्त्र बनू लागले, आणि येथे भारताचा एक धागा सापडतो. डॅलस काउबॉईजचे टेक्स श्रॅम यांनी खेळाडूंच्या गुणांची संगणकावर मोजदाद करण्याचे ठरवले तेव्हा ते काम आयबीएमच्या उपकंपनीतील सलाम कुरेशी या भारतातून आलेल्या संख्याशास्त्रज्ञाकडे आले. कुरेशींना क्रिकेट ठाऊक होते, अमेरिकी फुटबॉल मुळीच नव्हता. प्रशिक्षकांच्या तोंडी असलेल्या ‘चपळ’, ‘जिद्दी’, ‘डोक्याने तल्लख’ अशा सैल विशेषणांना आकड्यांत कसे बसवायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पुढच्या साऱ्या मोजमापांचे बीज त्यात होते. जी गोष्ट मोजता येते ती पाहणाऱ्याला अधिक खरी वाटू लागते, हा धोकाही तेथूनच सुरू झाला असे मला वाटते.

सत्तरच्या दशकात बचावपटूंना खऱ्या अर्थाने सुगीचे दिवस आले. त्याची नांदी 1969 मध्ये झाली होती. पिट्सबर्ग स्टीलर्सचे नवे प्रशिक्षक चक नोल यांनी आपल्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर नॉर्थ टेक्सस स्टेटच्या जो ग्रीनला घेतले, तेव्हा ‘हा जो नावाचा कोण?’ असा प्रश्न शहरभर विचारला गेला. त्या हंगामात संघ 14 पैकी 13 सामने हरला. पुढे त्याच ग्रीनभोवती उभ्या राहिलेल्या बचावफळीने सहा हंगामांत चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून दिले. हे यश पाहून इतरांनीही तीच वाट धरली असावी. 1972 ते 1976 या पाच वर्षांत वॉल्ट पॅटुलस्की, जॉन मॅट्युझॅक, एड जोन्स आणि ली रॉय सेलमन असे चार बचावपटू पहिल्या क्रमांकावर गेले. सेलमनला घेणारा टॅम्पा बे संघ तेव्हा नुकताच जन्माला आला होता आणि आपले पहिले 26 सामने तो ओळीने हरला. पण 1979 मध्ये सेलमन वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि संघ आपल्या विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

त्याच 1979 साली बफेलो बिल्सने लाइनबॅकर टॉम कझिनो याला पहिल्या क्रमांकावर निवडले. तो बफेलोऐवजी कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संघाकडून खेळायला निघून गेला. फजिती झाली खरी, पण तिचे व्याज बिल्सना नंतर मिळाले. कझिनोवरचे हक्क क्लीव्हलँडला देऊन त्यांनी जी निवड पदरात पाडून घेतली, तिच्यातून 1983 मध्ये त्यांना जिम केली हा क्वार्टरबॅक लाभला.

तोवर मैदानाचे नियमच बदलले होते. 1978 मध्ये चेंडू झेलायला धावणाऱ्या खेळाडूला पाच यार्डांच्या पुढे धक्काबुक्की करण्यास बंदी आली आणि आक्रमणफळीतील खेळाडूंना हात लांबवून, पंजे उघडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला थोपवण्याची मुभा मिळाली. चेंडू फेकून पुढे जाणे सोपे झाले, तसा क्वार्टरबॅक महाग झाला, आणि क्वार्टरबॅक महागला तसा त्याच्यापर्यंत पोहोचू शकणारा माणूसही महागला. फळीच्या मधोमध उभा राहून चेंडू घेऊन पळणाऱ्या धावपटूला अडवणाऱ्या दणकट गड्यापेक्षा कडेने वळसा घालून झडप घालणाऱ्याची मागणी वाढली. हा माणूस कसा असतो हे 1981 मध्ये दिसले. त्या वर्षी न्यू ऑर्लिन्सने पहिल्या क्रमांकावर जॉर्ज रॉजर्स या धावपटूला घेतले आणि दुसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सने नॉर्थ कॅरोलायनाच्या लॉरेन्स टेलरला. रॉजर्सने पहिल्याच हंगामात 1,674 यार्डांची धाव घेऊन लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले, म्हणजे ती निवड वाया गेली असे कोणी म्हणू शकत नाही. तरी आज ती आठवते ती टेलर हुकला म्हणून. टेलर पदार्पणाच्याच वर्षी सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि 1986 मध्ये 20.5 सॅक करून तो सर्व खेळाडूंमध्ये सर्वोत्तम ठरला. त्याला रोखण्यासाठी प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांना आक्रमणाची रचना बदलावी लागली, आणि क्वार्टरबॅकच्या पाठीची राखण करणारा डावा टॅकल हा फळीतला सर्वांत मोलाचा माणूस बनला. बचावपटूने आक्रमणाला भाव ठरवून देण्याचा हा विरळा प्रसंग. सॅकची अधिकृत नोंद 1982 पासून होऊ लागली, म्हणजे टेलरच्या पहिल्या हंगामातले सॅक अधिकृत यादीत नाहीत. 1985 मध्ये बफेलोने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या ब्रूस स्मिथने पुढे कारकिर्दीत 200 सॅक केले. हा विक्रम अजून अबाधित आहे.

मोजमापाची जत्राही याच काळात भरू लागली. 1982 मध्ये टॅम्पा येथे सुरू झालेले एकत्रित चाचणी शिबिर 1987 पासून इंडियानापोलिसमध्ये भरते आणि ‘कंबाइन’ या नावाने ओळखले जाते. तेथे खेळाडूची उंची आणि वजनच नव्हे, तर हाताची लांबी आणि पंजाचा विस्तारही इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजला जातो. मग तो एक हात जमिनीला टेकवून वाकतो आणि 40 यार्ड धावतो. कडेने धावणाऱ्या बचावपटूच्या बाबतीत जाणकार पूर्ण 40 यार्डांपेक्षा पहिल्या 10 यार्डांच्या वेळेकडे अधिक बारकाईने पाहतात, कारण सामन्यात त्याला एका दमात याहून लांब क्वचितच पळावे लागते. हात लांब असेल तर टॅकलचे पंजे छातीवर पडण्याआधी आपला पंजा त्याच्या छातीवर टेकवता येतो. वळताना घोटा आणि कंबर किती लवते यावर वळसा किती आखूड पडेल हे ठरते. हा शेवटचा गुण मात्र फीतपट्टीत सापडत नाही, तो चित्रफितीतच पाहावा लागतो.

आकडे आणि चित्रफीत यांची झटापट 2006 मध्ये जाहीरपणे झाली. रेजी बुश आणि व्हिन्स यंग हे दोन लाडके खेळाडू समोर असताना ह्यूस्टन टेक्सन्सने नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा मारिओ विल्यम्स निवडला आणि चाहत्यांचा रोष ओढवून घेतला. दुसऱ्याच हंगामात विल्यम्सने 14 सॅक केले आणि ओरड हळूहळू थांबली. 2014 मध्ये याच संघाने साउथ कॅरोलायनाचा जडेव्हियन क्लाउनी घेतला. 1 जानेवारी 2013 रोजी मिशिगनविरुद्ध त्याने चेंडू घेतलेल्या धावपटूला असा धडक देऊन पाडला होता की त्याचे शिरस्त्राण उडाले, चेंडू सुटला आणि तो क्लाउनीनेच एका हाताने उचलला. ते काही सेकंदांचे दृश्य दीड वर्ष दाखवले जात होते. क्लाउनी पुढे चांगला खेळाडू झाला, पण एका हंगामात दहा सॅक त्याला टेक्सन्सकडे कधीच जमले नाहीत. त्याच ड्राफ्टमध्ये बुटका म्हणून तेराव्या क्रमांकापर्यंत थांबलेला अॅरन डोनाल्ड तीन वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

पैशाची बाजूही यात आहे. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला 5 कोटी डॉलरची हमी मिळाली होती. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतील 2011 च्या करारानंतर नवख्यांच्या मानधनाला ठरीव पायऱ्या आल्या, आणि त्या वर्षीचा पहिला खेळाडू कॅम न्यूटन याला चार वर्षांसाठी सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलर मिळाले. चुकीच्या निवडीचा आर्थिक फटका सौम्य झाला, पण स्वस्तात क्वार्टरबॅक मिळवण्याचा मोह त्याच वेळी वाढला. 1998 ते 2025 या 28 ड्राफ्टमध्ये 21 वेळा पहिले नाव क्वार्टरबॅकचे होते. उरलेल्यांत पाच बचावपटू होते आणि ते पाचही फळीच्या कडेचे. मधल्या जागेवरचा खेळाडू पहिल्या क्रमांकावर शेवटचा निवडला गेला तो 1994 मध्ये, डॅन विल्किन्सन.

या पाचांतला अलीकडचा पेच 2022 चा. मिशिगनच्या एडन हचिन्सनच्या नावावर आदल्या हंगामातले 14 सॅक होते, जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरच्या नावावर फक्त सहा. पण वॉकरचे हात साडेपस्तीस इंच लांब होते, हचिन्सनचे 32 इंचांपेक्षा जेमतेम अधिक, आणि एवढ्या जड देहाने वॉकर 40 यार्ड 4.51 सेकंदांत धावला होता. जॅक्सनव्हिलने वॉकरला घेतले, दुसऱ्या क्रमांकावरच्या डेट्रॉइटने आनंदाने हचिन्सनला. वॉकरने 2023 आणि 2024 या दोन्ही हंगामांत दोन अंकी सॅक केले, त्यामुळे त्याला फसलेली निवड म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र डेट्रॉइटमध्ये कोणी अदलाबदल करायला तयार होईल असे दिसत नाही.

2024 मध्ये तर पहिली चौदा नावे आक्रमणाच्या खेळाडूंची निघाली आणि पहिला बचावपटू, लायाटू लाटू, पंधराव्या क्रमांकावर गेला. सामाईक ड्राफ्ट सुरू झाल्यापासून एवढी वाट कोणत्याही बचावपटूने पाहिली नव्हती. पुढच्या वर्षी पेन स्टेटचा अब्दुल कार्टर तिसऱ्याच क्रमांकावर गेला, तोही लॉरेन्स टेलरच्या जायंट्सकडे. जायंट्सने टेलरचा 56 क्रमांकाचा अंगरखा कधीच निवृत्त केला आहे. तो आपल्याला मिळावा अशी विनंती कार्टरने केली. टेलरने नकार दिला, आणि कार्टर 51 क्रमांक घालून मैदानात उतरला.