गाडीतील आवाजाचा शोध

चालत्या गाडीत नव्याने सुरू झालेल्या आवाजाचे मूळ हुडकून काढण्याचे काम. आवाज पत्र्यातून फिरत कानापर्यंत येतो, त्यामुळे जिथे ऐकू येतो तिथेच दोष असतो असे नाही. मागच्या सीटखालची खडखड पुष्कळदा सायलेन्सरच्या तुटलेल्या रबराची निघते. म्हणून आवाज कसा आहे याआधी तो कधी येतो हे पाहतात : वेगाबरोबर, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, वळताना, ब्रेक दाबल्यावर की खड्ड्यात. हे न ठरवता एकेक भाग बदलत बसणे म्हणजे पैशांची नासाडी.

सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून. जॅक, पाना, स्टेपनीचा ढिला बोल्ट, दारातल्या बाटल्या; निम्मी कटकट इथेच मिटू शकते.

बडोद्यात ट्रायलला जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्या बऱ्या. काचा खाली करून भिंतीलगत ताशी 10–15 किलोमीटरने गाडी नेली की आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि बाजू कळते. बारीक खाचखळग्यांत कोरडी टकटक आली तर बहुधा लिंक रॉड (सस्पेन्शनला जोडणारा छोटा दांडा). बंपवर किंवा ब्रेक मारताना जड ‘धप्’ आला तर लोअर आर्मचा (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) बुश, म्हणजे त्यातले रबर. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना ‘कट्-कट्’ होत असेल, तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला; त्याचे फाटलेले रबरी बूट आणि रिमच्या आत उडालेले ग्रीस डोळ्यांनाही दिसते.

घरघर मात्र वेगावरच सापडते. अहमदाबादकडे जाणाऱ्या 93 किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर स्थिर 80 चा वेग धरावा. मागे वाहन नसताना क्लच दाबून इंजिनाच्या फेऱ्या उतरू द्याव्यात. घरघर तशीच राहिली तर इंजिनावरचा संशय सुटला. उरले बहुधा टायर आणि चाकांचे बेअरिंग (चाक ज्यावर फिरते ती गोळ्यांची कडी). डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. मग मागचे-पुढचे टायर अदलाबदल करतात; आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचाच. उरलेली खात्री चाक उचलून : वर-खाली धरून हलवल्यास खेळ (सैलपणा) लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला आर्मशी जोडणारा सांधा), डावी-उजवीकडे धरून लागला तर टाय रॉडचे (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे) टोक. गाडी जॅक-स्टँडवर (पक्क्या टेकूवर) ठेवावी, नुसत्या जॅकवर नाही.

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुरात (उदा. ऑगस्ट 2024 चा) बुडालेल्या गाड्यांचे बेअरिंग लगेच बोलत नाही. सीलमधून शिरलेले पाणी ग्रीस नासवते, गंज धरतो आणि घरघर काही आठवड्यांनी सुरू होते. पूर ओसरल्यावर पहिल्या चार-दोन ब्रेकला येणारी खरखर मात्र डिस्कवरच्या गंजाची. ती आपोआप जाते.

उभ्या गाडीत बॉनेटखाली ‘चीं-चीं’ होत असेल तर चालू बेल्टवर लांबून थोडे पाणी शिंपडतात. आवाज क्षणभर थांबून परतला तर पुली तिरकी किंवा बेल्ट झिजलेला, उलट वाढला तर ताण कमी. क्लच दाबल्यावरच येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा), दाबल्यावर जाणारा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा.

टायर बदलल्यानंतर दोनेक दिवसांत मंद धडधड जाणवली तर बाकी तपास सोडून आधी चाकाचे नट कसावेत.