पावती फाडली की सभासद? नर्सेसच्या युनियनची थोडी पार्श्वभूमी

कोल्हापुरात युनियनच्या मीटिंगला सिस्टर लोक येत नाहीत हा विषय निघाला की उत्तरं ठरलेली असतात, ड्युटी, घर, पोरं, आणि "आमचं ऐकतंय कोण". खोटं काही नाही त्यात. पण त्याच सिस्टर नाईट उतरून, डोळ्यावर झोप असताना भिशीला हजर असतात, त्यामुळं नुसतं वेळ नाही म्हणून भागत नाही. याला जुनी कारणं आहेत.

१९२६ चा ट्रेड युनियनचा आणि १९४७ चा औद्योगिक विवादाचा, हे कायदे सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडून देऊ. खरा घोळ "हॉस्पिटल हा उद्योग आहे का" या एका प्रश्नाचा. आणि तो सुरू झाला नर्सेसपासून नाही, मावशींपासून. १९५४ ला मुंबईत जेजे समूहाच्या हॉस्पिटलातल्या दोन वॉर्ड कर्मचारी बायकांना कामावरनं काढलं, कारण दुसऱ्या सरकारी खात्यातनं कमी केलेल्यांना तिथं घ्यायचं होतं. युनियन कोर्टात गेली. सरकार म्हणालं, हॉस्पिटल उद्योगच नाही, मग कामगार कायदा लागतोच कुठं? १९६० ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, उद्योग आहे. १९७० ला सफदरजंग हॉस्पिटलच्या केसमध्ये तेच कोर्ट म्हणालं, नाही. १९७८ ला बंगळूरच्या पाणीपुरवठ्याच्या केसमध्ये सात जजच्या बेंचनं परत फिरवलं, नफा कमवा नाहीतर नका कमवू, हॉस्पिटल उद्योगच. मग १९८२ ला संसदेनं व्याख्या बदलून हॉस्पिटल बाहेर काढलं आणि ती दुरुस्ती कधी लागूच केली नाही! लागू करायची नव्हती तर केली कशाला हे कुणी सांगत नाही, पण मॅनेजमेंटच्या वकिलांना "हॉस्पिटलचं वेगळं असतंय" म्हणायला पुढं कायम एक आधार मिळाला, आणि सिस्टरच्या डोक्यातही तेच बसलं की आपण सेवा करतो, कामगार म्हणजे मावशी (आया) आणि मामा (वॉर्डबॉय).

ही फूट महागात पडली. खाजगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलात इथं एमआरटीयू-पल्प, म्हणजे युनियनला मान्यता देण्याचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा चालत आला. मान्यताप्राप्त युनियन व्हायचं तर त्या आस्थापनेतले ३० टक्के कर्मचारी सलग सहा महिने सभासद दाखवावे लागतात, आणि हे ३० टक्के सगळ्यांचे मिळून, सिस्टर, मावशी, मामा, लॅबवाले, ऑफिस सगळे. नुसत्या सिस्टर घेऊन बऱ्याच ठिकाणी हा आकडा गाठणंच अवघड. त्याच कायद्यात असंही आहे की वर्गणी महिन्याला किमान ५० पैसे, कार्यकारिणीची मीटिंग तीन महिन्यांत एकदा तरी आणि ठराव मिनिट बुकात. युनियनवाल्यांनी ३० टक्क्यांची गोष्ट नीट धरली, कारण ती कोर्टात दाखवावी लागते, बाकीचं सहीपुरतं राहिलं. मग ड्युटी बदलताना ओव्हर देता-घेताना काउंटरवर वर्गणीचं पावतीबुक, खाली मिनिट बुक, "सिस्टर इथं एक सही करा", आणि सही करणारीला ठराव कसला ते माहीत नाही. माझ्या मते सभासद लांब गेले ते इथं, आळसानं नाही.

सरकारी बाजूची गोष्ट वेगळी. तिथं सरकारी नोकरांचे १९७९ चे वर्तणूक नियम, संप म्हटला की मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेचा कायदा. शिवाय एकाच जिल्ह्यात मालक किती बघा, सीपीआर हे कोल्हापुरातलं सरकारी हॉस्पिटल वैद्यकीय शिक्षण खात्याकडं, ग्रामीण रुग्णालयं आरोग्य खात्याकडं, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) सिस्टर जिल्हा परिषदेच्या, सावित्रीबाई फुले हॉस्पिटल महापालिकेचं. त्यात २००५ नंतर केंद्राच्या ग्रामीण आरोग्य मिशनमधनं आलेल्या कंत्राटी सिस्टर, तोच वॉर्ड, तीच नाईट, पगार वेगळा, आणि नेमणुकीची ऑर्डर संपत आली की मोर्चाला यायला घाबरणार हे उघड आहे.

अलीकडचं बोलायचं तर २०१६ ला केंद्राच्या समितीनं खाजगी नर्सेसच्या पगाराची शिफारस केली, २०० च्या वर बेड असतील तर सरकारी इतका, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आत किमान २० हजार. शिफारसच ती, पण पहिल्यांदा खाजगीवाल्या सिस्टरला सरकारीशी तुलना करायला आकडा मिळाला. २०२२ च्या मे अखेरीस राज्यभरातल्या सरकारी नर्सेस बाह्यस्रोत (एजन्सीमार्फत) भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, जुलै २०२५ ला वेतनत्रुटीवरनं परत. २०२२ ची मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथं कायम सिस्टर पुढच्या बॅचच्या नोकरीसाठीही बाहेर आल्या, नुसत्या स्वतःच्या पगारासाठी नाही.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची नवी औद्योगिक संबंध संहिता. त्यात बोलणी करणारी एकच युनियन हवी तर ५१ टक्के सभासद, नाहीतर किमान २० टक्के सभासद असलेल्या युनियनची मिळून कौन्सिल. संपाला आधी १४ दिवसांची नोटीस. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तरी तो संपच, म्हणजे सामूहिक रजेचा जुना मार्गही बंद झाल्यात जमा. उद्योगाच्या व्याख्येत धर्मादाय संस्थांच्या हॉस्पिटलांना उद्योगातनं बाहेर जायला परत वाट ठेवली आहे, त्यामुळं ट्रस्टच्या हॉस्पिटलवाल्यांशी १९६० चाच वाद नव्यानं घालावा लागणार, आणि या वेळी मावशी-मामांना सोडून ५१ टक्के कुठनं आणणार हे अजून कुठल्या कमिटीनं मांडलेलं मी ऐकलं नाही.