समजात आणि समवृत्ती अवयव: डार्विनच्या आधीपासूनची गोष्ट

गोव्यापासून केरळपर्यंत सह्याद्रीच्या जंगलांत आणि सुपारीच्या बागांत उडता सरडा राहतो. खोडाला चिकटून बसला की चटकन दिसत नाही. झेप घेतली की मात्र त्याच्या दोन्ही कुशींना पातळ पडदा ताणला जातो आणि तो दुसऱ्या झाडापर्यंत तरंगत जातो. हा पडदा लांबलेल्या बरगड्यांवर तोललेला असतो. पुढचे पाय शाबूतच असतात.

याच सरड्याच्या आग्नेय आशियातल्या भाऊबंदाचा दाखला इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी दिला होता. पक्ष्याचा पंख आणि सरड्याचा पडदा यांचं काम सारखं, घडण निराळी. म्हणून ते समवृत्ती. समजात म्हणायचं ते पक्ष्याचा पंख आणि सरड्याचा पुढचा पाय यांना, कारण दोन्हींत दंडात एक हाड, कोपराखाली दोन आणि पुढे मनगट-बोटं, असा तोच क्रम आहे. या दोन संज्ञांच्या नेमक्या व्याख्या ओवेन यांनी १८४३ मध्ये दिल्या.

सुरुवात त्याहून जुनी. १५५५ मध्ये फ्रान्सच्या प्येर बलाँ यांनी माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी-शेजारी छापून हाडांच्या जोड्या लावल्या. पुढे फ्रान्सचेच प्राणिशास्त्रज्ञ जोफ्रुआ सँतिलेर यांनी अशा जोड्या ओळखण्याची कसोटी दिली: आकार आणि काम बदलेल, पण अवयवाचे शेजारी बदलत नाहीत. १८३७ मध्ये जर्मनीच्या राइखर्ट यांनी भ्रूणांचा अभ्यास करून दाखवलं, की आपल्या कानातली हातोडी आणि ऐरण ही इवली हाडं म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं. मला तरी या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत थक्क करणारा शोध वाटतो.

हे सारं उत्क्रांतिवाद रुजण्याआधीचं आहे, हे अभ्यासक्रमात निसटतं. ओवेन यांच्या मते हे साम्य एका मूळ आराखड्यातून येत होतं. १८५९ मध्ये डार्विन यांनी त्याच हाडांमागे समान पूर्वज पाहिला. माणसाचा हात, चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या मोलचा पंजा, घोड्याचा पाय आणि वटवाघळाचा पंख एकाच घडणीचे का, याला त्यामुळे कारण मिळालं. तरी एक पेच उरतोच. वटवाघूळ आणि पक्षी यांचे पंख पुढचे पाय म्हणून समजात आहेत, पण उडण्याचं साधन म्हणून समवृत्ती, कारण त्यांच्या समान पूर्वजाला उडता येत नव्हतं. प्रश्न कशाबद्दल आहे हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

१९९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या वाल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेनं उंदराचं पॅक्स-६ जनुक फळमाशीत भलत्याच जागी चालू केलं आणि तिथे डोळा उगवला, पण माशीचा, संयुक्त डोळा. उंदराचा आणि माशीचा डोळा समवृत्ती अवयवांचं ठरलेलं उदाहरण होतं. डोळ्याची घडण स्वतंत्र, पण ती सुरू करणारं जनुक समान वारशाचं, असं दुहेरी नातं त्यातून पुढे आलं. १९९७ मध्ये शुबिन, टॅबिन आणि कॅरल यांनी अशा नात्याला खोल समजातता म्हटलं.