व्हायरल लोड अनडिटेक्टेबल आहे, पण हार्टचं काय?

एचआयव्हीच्या गोळ्या नीट चालू आहेत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, अनडिटेक्टेबल म्हणजे तपासणीत न सापडण्याइतकं कमी आलाय, सीडी४ (शरीराचा बचाव करणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशींना एचआयव्ही मारतो त्यांचा आकडा) पण छान वर गेलाय, असा रिपोर्ट हातात पडला की माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि टाकलाच पाहिजे, कारण १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली त्याआधी असा रिपोर्ट कोणाच्या नशिबातच नव्हता. पण त्या रिपोर्टमध्ये हा माणूस दिवसाला किती सिगारेटी ओढतो ते कुठेच लिहिलेलं नसतं. आणि गोळ्या नियमित घेणाऱ्याच्या जिवाला आज व्हायरसपेक्षा सिगारेटचा धोका जास्त आहे, हे मला अगदी स्पष्ट सांगायचंय.

डेन्मार्कमध्ये एचआयव्हीचे उपचार फुकट मिळतात आणि पेशंटच्या नोंदी वर्षानुवर्षं पक्क्या ठेवल्या जातात, म्हणून तिथल्या आकड्यांवर माझा भरवसा आहे. २०१३ साली छापून आलेल्या तिथल्या अभ्यासात एचआयव्ही असलेले जवळपास ३ हजार लोक होते आणि हिशोब असा निघाला की एचआयव्हीमुळे आयुष्याची साधारण ५ वर्षं जातात आणि सिगारेटमुळे १२ पेक्षा जास्त. म्हणजे ३५ वर्षांचा एचआयव्ही असलेला माणूस सिगारेट ओढत असेल तर अंदाजे ६३ पर्यंत जगतो, कधीच ओढली नसेल तर ७८ पर्यंत. तिथेच नंतर फक्त हार्ट अटॅकचा हिशोब मांडला तेव्हा एचआयव्ही असलेल्यांच्या १०० पैकी ७२ अटॅकमागे सिगारेटचा हात दिसला, एचआयव्ही नसलेल्यांमध्ये हाच आकडा २४ होता.

सिगारेट तीच, मग एवढा फरक का? एक तर एचआयव्ही असलेल्यांमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाणच खूप जास्त आहे. पण शरीरातही काहीतरी चालू असतं, आणि त्यासाठी आधी आतड्यात डोकवावं लागतं.

आतड्याचं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं, एका बाजूला अब्जावधी बॅक्टेरिया, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मध्ये एवढाच पडदा. या पडद्यामागे सीडी४ पेशींचा मोठा पहारा असतो आणि एचआयव्ही शरीरात शिरला की पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या पेशींचा फडशा पाडतो. गोळ्या सुरू झाल्यावर रक्तातला सीडी४ वाढतो, पण आतड्यातलं नुकसान पूर्ण भरून येत नाही, त्यामुळे बॅक्टेरियांचे बारीक तुकडे रक्तात झिरपत राहतात. ते बघून मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कायम चवताळलेल्या असतात, त्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, आत घुसतात, तिथलं कोलेस्टेरॉल खाऊन फुगतात आणि तिथेच साचून राहतात, म्हणजे ज्याला आपण ब्लॉकेज म्हणतो त्याची ही सुरुवात. व्हायरस औषधाने दाबलेला असला तरी राखेखालच्या विस्तवासारखी ही सूज आत धुमसत राहते. सिगारेट, बीपी वगैरे सगळं हिशोबात धरलं तरी एचआयव्ही असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका साधारण दीड ते दोन पट निघतो तो मुख्यतः यामुळेच, थोडा हात काही जुन्या औषधांचाही आहे.

आता यावर सिगारेट ओढली की काय होतं बघा. धूर रक्तवाहिनीचं अस्तर खरवडतो, कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवतो, प्लेटलेट चिकट होतात आणि रक्त गोठायला टपून बसतं. ब्लॉकेजवर एक पातळ आवरण असतं, आतल्या सुजेने ते आणखी पातळ होतं आणि एक दिवस फाटतं, मग आतला चिकट माल रक्ताला लागतो, तिथे काही मिनिटांत गुठळी होते आणि पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद. यात भर म्हणून शुगर किंवा बीपी असेल तर विचारायलाच नको.

दारूचं प्रकरण थोडं वेगळं आहे आणि त्यावर बोललंही कमी जातं. दारू आतड्याच्या त्याच पडद्याचे सांधे सैल करते, म्हणजे एचआयव्हीने जिथे आधीच भोक पाडलंय नेमकं तिथेच. शिवाय बीपी वाढतं, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढते, ठोके अनियमित होऊ शकतात, आणि वर्षानुवर्षं भरपूर प्यायली तर हृदयाचा स्नायूच ढिला पडतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या २०१६ च्या अभ्यासात एचआयव्ही नसलेल्या पुरुषांमध्ये महिन्याला ७० ड्रिंकपासून मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, एचआयव्ही असलेल्यांमध्ये मात्र ३० पासूनच. ३० म्हणजे रोज एक! त्यामुळे बाकीच्यांना चालते तेवढी आपल्यालाही चालेल हे गणित इथे लागू पडत नाही.

आणि दारूचा सगळ्यात मोठा तोटा मला वाटतो तो गोळ्या चुकण्याचा. काही जण विसरतात, पण काही जण मुद्दाम चुकवतात, आज प्यायची आहे म्हणजे गोळी नको, दोन्ही एकत्र झालं तर विष होईल असं त्यांना मनापासून वाटत असतं. कृपा करून असं करू नका. २००६ साली स्मार्ट नावाच्या मोठ्या ट्रायलचे निकाल आले, त्यात एचआयव्ही असलेले जवळपास साडेपाच हजार लोक होते, अर्ध्यांची औषधं सीडी४ चांगला असेपर्यंत थांबवून बघितली, तर त्या गटात मृत्यू तर वाढलेच पण हृदयाचे आजारही वाढले. म्हणजे व्हायरसला मोकळं सोडणं हे हार्टसाठीही वाईटच. प्यायलेली असली तरी त्या दिवशीची गोळी घ्यायचीच.

सिगारेट सोडल्याचा फायदा मात्र मोजता येण्याइतका आहे. एचआयव्ही असलेल्यांवरच्या डी-ए-डी नावाच्या अभ्यासात, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, सोडल्याच्या पहिल्या वर्षी हार्ट अटॅकचा धोका पावणेचार पट होता, तीन वर्षं उलटल्यावर तो दोन पटीवर आला. एवढा फरक! पण सोडणं सोपं नाही हे मला मान्य आहे, आजार लपवण्याचा ताण, एकटेपणा, डिप्रेशन, यात सिगारेटच सोबतीला असते, म्हणून ओरडून काही होत नाही, मदत लागते. निकोटिनचे पॅच आणि च्युइंगगम एआरटीबरोबर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांबरोबर, चालतात, सिगारेट सोडायला मदत करणारं व्हॅरेनिक्लिन हे औषधही चालतं. त्यासाठीचंच दुसरं औषध बुप्रोपिऑन मात्र रिटोनाविर किंवा इफाविरेन्झ या एचआयव्हीच्या औषधांमुळे रक्तात कमी पडू शकतं, त्यामुळे डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची नावं दाखवा.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तसंच. २०२३ च्या रिप्रीव्ह ट्रायलमध्ये ४० ते ७५ वयाच्या, हार्टचा फार धोका न दिसणाऱ्या एचआयव्ही असलेल्या लोकांना पिटावास्टॅटिन (स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या, त्यातलीच एक) दिलं तर हार्ट अटॅक, स्ट्रोक असे मोठे प्रकार ३५ टक्क्यांनी कमी झाले, म्हणून चाळिशी ओलांडली असेल तर स्टॅटिनबद्दल स्वतःहून विचारा. पण सिम्वास्टॅटिन नावाचं स्टॅटिन रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅटबरोबर (हेही एचआयव्हीच्या काही गोळ्यांमध्ये असतं) अजिबात चालत नाही, त्याने स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते.

आणि जे रोज भरपूर पितात त्यांनी दारू एका रात्रीत स्वतःच्या मनाने बंद करू नये. हातपाय थरथरणं, भ्रम होणं, फिट येणं असं काहीही होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस औषधं घेऊनच ती सोडायची, आणि एआरटी त्या दिवसांतही चालूच ठेवायची.