उंबरठ्यावरचं एक तप

गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चचं नाव निघालं की पुणेकराला आधी चहा आठवतो. 1890 साली तिथल्या मिशनात टिळक, रानडे यांच्यासारख्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, मग वर्तमानपत्रात नावं आली, आणि ख्रिस्ती लोकांकडचा चहा म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं.

पाय घसरलेल्याला परत पंगतीत कसं घ्यायचं, हा पेच ख्रिस्ती मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या समाजापुढे, त्याच्या सोळा शतकं आधी पडला होता. सन 250 मध्ये रोमन सम्राट डेशियसने फर्मान काढलं: प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. जिवाच्या भीतीने अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरला आणि हीच माणसं चर्चच्या दारात परत उभी राहिली.

रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना परत घ्यायचं नाही म्हणजे नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या दिवसांत स्वतः लपून राहिला होता, आणि विरोधक त्याला ते विसरू देत नव्हते. तरी त्याने 251 च्या धर्मसभेत मधली वाट काढली: दाखला विकत घेतलेल्यांना चौकशी करून आत घ्यायचं, बळी दिलेल्यांना मात्र दीर्घ प्रायश्चित्त. नोव्हेशियनने वेगळी चूल मांडली.

325 च्या निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेने तर हिशेबच मांडला. जबरदस्ती नसताना श्रद्धा सोडलेल्याने तीन वर्षं फक्त वचन ऐकायचं, सात वर्षं लोटांगण घालायचं, आणि दोन वर्षं प्रार्थनेत राहूनही प्रभुभोजनातल्या पवित्र भाकरीपासून दूर राहायचं. एकूण बारा, म्हणजे आपलं एक तप! आणि ही सवलत समजली जात होती.

पुढे आयरिश मठवाशांनी धर्मगुरूपुढे खासगी पापनिवेदनाची रीत पसरवली आणि चारचौघांतलं लोटांगण मागे पडलं.

आज कुणी दाखला मागत नाही. नोकरीसाठी पुण्यात आलेला माणूस गावाकडच्या मंडळीपासून तुटतो, इथल्या मंडळीत रुजत नाही, आणि मग नाताळपुरता उरतो. इंग्लंडात 2004 साली मँचेस्टरमध्ये ‘चर्चला परत या’ रविवार सुरू झाला, तो अशांसाठीच. त्यात अट कसली नाही, ओळखीच्या माणसाने बोलवायचं, एवढंच. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला, घर सोडून गेलेला मुलगाही ‘मला मोलकरी म्हणून ठेवा’ हे वाक्य घोकून आला होता. बापाने ते त्याला पुरं बोलूच दिलं नाही.