लेथवर बॉल कसा उतरतो

मशीनच्या हँडलच्या टोकाला मुठीत बसणारा जो लोखंडी बॉल असतो, तो साध्या लेथवर, म्हणजे धातू फिरवून टूलने कापणाऱ्या मशीनवर, सहजासहजी निघत नाही. लेथच्या स्लाइड, म्हणजे सरकणारे भाग, टूलला सरळ रेषेतच नेतात: कॅरेज जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) अक्षाला समांतर, क्रॉस स्लाइड त्याला काटकोनात. दोन्ही हँडल एकाच वेळी फिरवून वक्र काढणारे निष्णात टर्नर आहेत, पण त्या बॉलचा गोलपणा त्यांच्या नजरेवर ठरतो. बॉल टर्निंग अटॅचमेंट हेच काम भूमितीवर सोपवते, आणि म्हणूनच ती घरच्या छोट्या लेथवरही बनवण्याजोगी आहे.

तिची रचना अगदी सोपी. क्रॉस स्लाइडवर टूल धरणारी छोटी कंपाउंड स्लाइड काढून त्या जागी एक जाड पाया बोल्टने आवळायचा. पायात उभा पिव्हट, म्हणजे फिरण्याचा खुंटा, पिव्हटवर फिरणारी तबकडी, तबकडीच्या कडेला उभ्या ठोकळ्यात पकडलेले टूल आणि फिरवायला लांब दांडा. पिव्हटचा उभा अक्ष लेथच्या आडव्या अक्षाला ज्या बिंदूत छेदतो, तो बॉलचा केंद्रबिंदू. टूल कसेही फिरले तरी त्याचे टोक त्या बिंदूपासून सारख्याच अंतरावर राहते. जॉब स्वतःभोवती फिरतोच आहे, त्यामुळे उरलेला धातू गोलाकारच असतो.

इथे एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. टूलचे टोक सेंटरच्या, म्हणजे लेथच्या अक्षाच्या, उंचीपेक्षा थोडे खाली राहिले तरी आकार बिघडत नाही. केंद्रापासूनचे अंतर तेव्हाही कायमच असते, फक्त त्रिज्या किंचित वाढते आणि बॉलच्या ध्रुवावर, म्हणजे अक्षावरच्या टोकाला, न कापलेला एक बारीक उंचवटा उरतो. टूलच्या टोकाची गोलाईसुद्धा त्रास देत नाही. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर टूल वळत नाही, त्यामुळे वक्रावरून जाताना टोकाचा वेगवेगळा भाग कापतो आणि त्याची भरपाई प्रोग्रॅममध्ये करावी लागते. इथे टूल कायम केंद्राकडे रोखलेले असते, म्हणून कापणारा बिंदूही तोच राहतो.

माफी नाही ती एकाच चुकीला: दोन अक्ष एकमेकांना छेदलेच पाहिजेत. पिव्हट आपल्याकडून लेथच्या अक्षापलीकडे 0.1 मिमी गेला, तर 20 मिमीचा बॉल व्यासाला 19.8 भरतो आणि लांबीला जवळजवळ 20 राहतो, म्हणजे टोकांशी लिंबासारखा निमुळता. अलीकडे राहिला तर व्यास 20.2 होतो आणि ध्रुव चपटे पडतात. हे टाळायला पिव्हटच्या मध्यावर अचूक भोक ठेवावे. त्यात 10 मिमीची उभी पिन घालायची, चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात) 20 मिमी व्यासाचा बार न डगमगता फिरेल असा धरायचा, आणि क्रॉस स्लाइड आत नेत पिन बारला टेकवायची. आता दोन अक्षांतले अंतर दोन त्रिज्यांची बेरीज, म्हणजे 15 मिमी. पिन काढून स्लाइड त्याच दिशेने 15 मिमी आत न्यायची. दिशा बदलली नाही, की स्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे आट्यांमधली ढिलाई, मापात शिरत नाही. मग क्रॉस स्लाइड लॉक करायची आणि बॉल होईपर्यंत तिला हात लावायचा नाही.

जॉबची तयारीही हिशेबाने करावी. 20 मिमीचा बॉल 10 मिमीच्या मानेवर हवा असेल, तर टोकापासून मानेपर्यंतची लांबी 10 अधिक 8.66, म्हणजे 18.66 मिमी येते. बार 20 मिमीला उतरवून तिथे मान कोरून घ्यावी. पुढच्या टोकाचा कोपरा केंद्रापासून 14.14 मिमीवर असतो, म्हणजे तिथून 4 मिमीहून जास्त धातू जायचा आणि विषुववृत्तावर, म्हणजे बॉलच्या सर्वांत जाड भागावर, जवळपास काहीच नाही. म्हणून टूल 14 मिमीच्या त्रिज्येवर ठेवून सुरुवात करायची आणि दर फेरीला थोडे थोडे आत सरकवायचे. ध्रुवाजवळ मात्र घाई नको. मिनिटाला 500 फेऱ्यांना (आरपीएम) विषुववृत्तावर कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे 31 मीटर असतो, तर ध्रुवावर तो शून्य होतो. तिथे टूल कापण्याऐवजी घासू लागते.

छोट्या लेथचा खरा शत्रू चॅटर, म्हणजे कापताना होणारी टूलची थरथर. पिव्हटमधली ढिलाई थेट पृष्ठभागावर उमटते, म्हणून बुश (पिव्हटभोवतीची नळी) सैल ठेवण्यापेक्षा दोन टेपर रोलर बेअरिंग समोरासमोर कसून बसवावीत. क्रॉस स्लाइडपासून सेंटरपर्यंतची जागाही कमी असते. पाया आणि तबकडी यांची जाडी, त्यावर बॉलची त्रिज्या, एवढे त्यात बसले पाहिजे. किती मोठा बॉल निघेल हे त्यावरच ठरते, तेव्हा धातू कापण्याआधी ही जागा मोजावी.

तयार बॉल तपासायला मायक्रोमीटर पुरेसा नाही, कारण तो दोन बिंदूंमधलेच अंतर सांगतो. गोलाला कोणत्याही सपाट पातळीने कापले तरी छेद वर्तुळच येतो. म्हणून बॉलपेक्षा कमी व्यासाच्या पाइपचे तोंड लेथवर काटकोनात फेस (सपाट) करून बॉलवर टेकवावे आणि मागे दिवा धरून सगळीकडून फिरवून पाहावे. पिव्हट चुकला असेल तर पाइप बॉलच्या अक्षाशी सरळ असताना कडेने उजेड दिसणार नाही, पण तिरका धरला की फट दिसेल.