कोप्रोसेसर बसवलेला आहे, पण कॉम्प्युटरला दिसत नाही?

उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावमधल्या आमच्या कारखानदार ग्राहकांसाठी

फाउंड्रीत तपासणीच्या जुन्या यंत्राला जोडलेला ३८६ कॉम्प्युटर एके दिवशी ‘कोप्रोसेसर नाही’ म्हणतो. कोप्रोसेसर म्हणजे मुख्य प्रोसेसरची आकडेमोड झपाट्यानं करून देणारी वेगळी चिप; ३८६ साठी ती ३८७. चिप गेली असं समजून लोक नवी शोधायला निघतात. ३८७ चिप आता नवी बनत नाही आणि जुनी मिळाली तरी धड निघेल याची खात्री नाही. म्हणून कळकळीनं सांगतो, आधी ती दिसत का नाही ते बघा.

चिप आहे की नाही, हे काही प्रोग्रॅम बायोसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या, नोंदीवरून ठरवतात. काही स्वतः खात्री करतात: मेमरीत एक आकडा लिहायचा, चिपला रीसेट करायचं आणि तिची स्थिती त्याच जागी लिहायला सांगायची. तिथं शून्य आलं तर चिप आहे, आकडा तसाच राहिला तर नाही. त्यामुळे एका प्रोग्रॅमला चिप सापडते, दुसऱ्याला नाही, असंही होतं. अशा वेळी चिप बहुधा शाबूतच असते.

बायोसची नोंद बिघडते ती बहुतेक वेळा बॅटरी उतरल्यामुळे. सेटअप, म्हणजे बायोसनं साठवलेल्या सेटिंग्ज, पुसला जातो आणि काही बोर्डांवर न्यूमेरिक प्रोसेसरचा (म्हणजे कोप्रोसेसरचाच) पर्याय बंद होतो. तो पुन्हा चालू करा. बॅटरीशेजारी हिरवट थर दिसला, तर मात्र कॉम्प्युटर चालू न करता तसाच आमच्याकडे आणा.

मग डॉस सुरू होताना आपोआप चालणारी ऑटोएक्झेक डॉट बॅट ही फाइल उघडा. त्यात इंग्रजीत ‘सेट ८७=एन’ किंवा ‘सेट नो८७=...’ अशी ओळ असेल, तर अनुक्रमे बोरलँड आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर (प्रोग्रॅम तयार करण्याच्या साधनावर) बनलेले प्रोग्रॅम चिप असूनही वापरत नाहीत. दुरुस्तीला आलेल्या कोणीतरी कधीकाळी घातलेली ही ओळ वर्षानुवर्षं तशीच राहते. मग आकडेमोड चिपऐवजी प्रोग्रॅमच करतो; उत्तर बरोबर येतं, पण वेळ कित्येक पट लागतो. भट्टीत धातू तयार आणि नमुन्याचा रिपोर्ट अडकलेला, यात नुकसान तुमचंच. लिनक्सवर बूट करताना दिलेला ‘नो३८७’ हा पर्यायही चिप अशीच बाजूला ठेवतो.

३८६ च्या पुढच्या पिढीचा ४८६ असेल तर मुख्य प्रोसेसरवरची अक्षरं वाचा. डीएक्समध्ये कोप्रोसेसर आतच असतो, एसएक्समध्ये तो चालू नसतो. बोर्ड बदलल्यावर तक्रार सुरू झाली असेल, तर हे पहिल्यांदा बघा.

सॉकेटमधली चिप स्वतः उपटू नका. खुणेचा कोपरा चुकवून बसवली आणि वीज दिली, तर चांगली चिपही जळते.